डायरेक्ट केलेली तार

माझ्या हातानं जोडलेल्या एका तारेमुळं माझी सून जीपखाली गेली. ती वाचली. पण हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शहाणी समजणार नाही.

माझं शिक्षण चौथी. लग्न होऊन कोरेगावजवळच्या वस्तीवर आले तेव्हा मालकांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या. त्यांच्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी भरायची. मालक गिऱ्हाइकाशी बोलायचे, तार मी भरायची. चाळीस वर्षं हेच केलं. मालक गेले, मुलानं दुकानाचं गॅरेज केलं, पण गाडीच्या तारांचं काही अडलं की तो अजून मलाच हाक मारतो.

घरात एक जुनी जीप आहे. कागदावर मुलाची, चालवते सून. दीड एकरात ती झेंडू आणि शेवंती करते. लावते ती, तोडते ती आणि क्रेट मागं टाकून बाजाराला नेते तीच. गेल्या वर्षी दसरा तोंडावर आला असताना जीपचं इंजिन बसलं. मुलगा दौंडला गेला. तिथं एका चाचांचं जुन्या गाड्या तोडायचं आवार आहे. मागून ठोकलेल्या एका कारचं इंजिन चांगलं मिळालं. कार ऑटोमॅटिक होती, म्हणजे हातानं गिअर न टाकायची. इंजिनाबरोबर तिच्या तारांचा सगळा जुडगा आणि तिचा कॉम्प्युटर आणावा लागला. चपट्या डब्याएवढा असतो तो. तो नसेल तर इंजिन हलत नाही. गिअरबॉक्स मात्र जीपचाच ठेवायचा होता, हातानं टाकायचा. दोन्हींच्या मध्ये बसवायची प्लेट सणसवाडीच्या लेथवाल्यानं करून दिली.

तारांचा जुडगा आम्ही पडवीत पसरला. मोटरीत एकाच रंगाची तार असते, इथं सगळे रंग. कापडाच्या चिंध्या बांधून मी एकेक तार ओळखीची केली. मुलगा मोबाइलवर नकाशा बघून सांगायचा, मी जोडायची. तीन दिवसांत सगळं बसलं. चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, तर काहीच नाही. सेल, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी छोटी मोटर, घरघरसुद्धा करेना. बॅटरी चांगली, सेल चांगला.

मुलानं चाचांना फोन लावला. आवाज मोठा केला, मीही ऐकत होते.

"बेटा, कॉम्प्युटर ऑटोमॅटिकचा हाय ना," चाचा म्हणाले. "त्या गाडीत गिअरचा दांडा पार्किंगला नाहीतर न्यूट्रलला हाय, हे सांगणारी एक तार असती. ती तार बोलल्याबिगर तो सेल मारू देत न्हाई."

"आपल्याकडं तसला दांडाच न्हाई, चाचा."

"म्हणून क्लचवर स्विच बसव. क्लच दाबला की ती तार बॉडीला लागली पायजे, सोडला की तुटली पायजे. स्विच माझ्यापाशी हाय. उद्या येऊन घेऊन जा."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "एका बटणासाठी दौंडला जातो व्हय? कर डायरेक्ट."

डायरेक्ट करणं ही आमच्या दुकानाची रीत. पंपाच्या स्टार्टरमध्ये मोटर जळू नये म्हणून एक रिले असतो. एक फेज गेला की तो पंप बंद करतो. शेतकऱ्याला ते पसंत नसतं, त्याला पाणी हवं असतं. तो म्हणायचा, रिले काढा, डायरेक्ट करा. मालक करून द्यायचे. मग तीच मोटर जळून परत आमच्याकडंच यायची. आम्ही हसायचो. चाळीस वर्षांत त्यात कुणाचा जीव गेलेला मी पाहिला नव्हता. मोटर जळायची, एवढंच.

मुलगा घुटमळला. "आई, मग गिअरमधी असली तरी सेल लागंल."

"जुन्या इंजिनाला कुठं होता स्विच? गिअरमधी सेल मारला तर एक हिसका बसायचा आन् बंद पडायचं. मेलं का कुणी?"

मी ती तार कापली, सोलली आणि बोल्टाखाली बॉडीला आवळली. आता कॉम्प्युटरला कायम वाटणार होतं की गाडी न्यूट्रलला आहे. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. शिलाई मशीनसारखा आवाज. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

इंजिन बंद केलं. सून म्हणाली, पूजा करून मगच रानात न्यायची. मुलानं आणि तिनं जीप ढकलत अंगणात आणली आणि तोंड पूर्वेला केलं. जीपचा हँडब्रेक कैक वर्षं धरत नाही. म्हणून आमच्या घरात जीप उभी केली की पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि पुढच्या चाकाला दगड लावायचा. सुनेनं गिअर टाकला, दगड लावला. मग लिंबू ठेवायची वेळ आली. लिंबू चाकाच्या पुढं ठेवायचं आणि गाडीनं ते चिरडायचं, अशी आमच्याकडं पद्धत. दगड होता त्याच जागी लिंबू हवं. तिनं दगड काढून बाजूला ठेवला, खाली बसली आणि लिंबू ठेवून त्याला हळदकुंकू लावायला लागली.

मुलगा बॉनेट उघडून पाइप कुठं गळतो का ते बघत होता. तो म्हणाला, "आई, एकदा सेल मार."

गॅरेजात हे रोजचं. तो इंजिनापाशी असतो, मी बाहेर उभी राहून खिडकीतून हात घालून चावी फिरवते. आत बसत नाही, गुडघे दुखतात. क्लचवर पाय नाही, कुठंच पाय नाही. जीप गिअरमध्ये आहे आणि सून चाकासमोर बसलीय, हे सवयीच्या भरात डोक्यातच आलं नाही. मी हात घातला आणि चावी फिरवली.

जुनं इंजिन असतं तर एक हिसका देऊन गप पडलं असतं. हे पडलं नाही. कॉम्प्युटरला वाटत होतं गाडी मोकळी उभी आहे आणि इंजिन उगाच दबतंय. तो इंजिन बंद पडू देईना, वरून आणखी पेट्रोल पाजत राहिला. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की जीप चालायला लागली. धावली नाही. कुणी चालवत असल्यासारखी सावकाश निघाली.

मुलगा बॉनेटवरून एका बाजूला फेकला गेला. सून दिसेना. माझा हात खिडकीत होता, बोटं चावीवर होती आणि मी जीपबरोबर चालत होते. चावी उलटी फिरवायची, एवढंच काम. हजार वेळा केलेलं. जमलं नाही. बोटं माझी नव्हतीच. मुलगा ओरडत होता, "बंद कर! आई, बंद कर!" मला ऐकू येत होतं, आणि मी चालत होते.

जीप पाण्याच्या सिमेंटच्या टाकीला जाऊन टेकली. तरी इंजिन थांबेना. मागचं उजवं चाक जागच्या जागी माती उकरत होतं. मुलगा दुसऱ्या बाजूनं आत पडला आणि त्यानं चावी फिरवली. मग काही आवाज नव्हता.

सून जीपखाली उताणी पडली होती, दोन्ही चाकांच्या मधोमध. जीप उंच म्हणून वाचली. मागचं डावं चाक तिच्या पदरावर उभं होतं, गळ्यापासून एक वीत. तिला उठता येईना. गिअर काढून आम्ही जीप मागं ढकलली. ती बाहेर आली, कोपर सोललेलं, केसांत माती. तिनं आधी पदर बघितला, मग मागं वळून अंगणात बघितलं.

"लिंबू चिरडलं का, आत्या?" असं म्हणाली, आणि मग तिचे दात वाजायला लागले.

शेजारपाजारचे जमले. एक मामा म्हणाले, "गिअरमधी ठेवून समोर बसायचं व्हय, पोरी? अक्कल नगं का?"

सून म्हणाली, "चुकलं माझं."

मुलगा माझ्याकडं बघत होता. त्याला माहीत होतं. तो बोलणार नव्हता, हेही दिसत होतं. मी गप्प बसले असते तर ते तिच्याच माथी राहिलं असतं, जन्मभर. मी म्हणाले, "तिची काय चूक न्हाई, मामा. गिअर ती रोजच टाकती. तार मी डायरेक्ट केली. पोरगं नको म्हणत हुतं."

मामा चप्पल घालून गेले. सुनेनं माझ्याकडं बघितलं. तिनं मला माफ केलं असं तिच्या तोंडावर काही नव्हतं. मला हवंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः एसटीनं दौंडला गेले. चाचांनी अंगठ्याएवढा स्विच हातावर ठेवला आणि विचारलं, "चालू झाली का गाडी, भाभी?" मी म्हणाले, "झाली. लई चालू झाली." पुढचं सगळं सांगितल्यावर ते खुर्चीत मागं टेकले आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले.

घरी येऊन बोल्टाखालची तार मी काढली. ती क्लचच्या पेडलावरच्या स्विचमधून नेली, कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली. मग जीप पहिल्या गिअरमध्ये टाकायला लावली आणि स्वतः जाऊन चाकासमोर उभी राहिले.

"मार सेल," मी सुनेला म्हणाले. "क्लच दाबू नको."

तिनं चावीला हात लावला नाही. खाली उतरली, दगड आणून चाकाला लावला, माझा दंड धरून मला पडवीत बसवलं आणि मग आत जाऊन चावी फिरवली. काही झालं नाही. तिनं पुन्हा फिरवली. काही झालं नाही. तिसऱ्या वेळी गिअर काढला, क्लच दाबला आणि इंजिन लागलं.

दसऱ्याला झेंडू त्याच जीपमधून गेला. अजून जातो. स्विच चांगला आहे, मी महिन्यातून एकदा बघते. पण मी अंगणात असले तर सून जीपमध्ये बसायच्या आधी मी कुठं उभी आहे ते बघते, आणि मला चावीला हात लावू देत नाही. मीही मागत नाही.