आक्का काय म्हणाली

भाच्याचा फोन आला तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलेला होतो. फोन बायकोनं घेतला. आमच्या घरी आलेले सगळे फोन तीच घेते. मी तिच्या तोंडाकडं बघत राहतो आणि चेहऱ्यावरून बातमी चांगली की वाईट ते ओळखतो. त्या दिवशी तिनं फोन ऐकता ऐकता पदर तोंडाला लावला. ओठ झाकले गेले, त्यामुळं मला एवढंच कळलं की बातमी वाईट आहे.

फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आक्काला दवाखान्यात टाकलंय. बंगळुरूला. फुफ्फुसात पाणी झालंय. तुमची सारखी आठवण काढून राह्यल्या म्हणे. जल्दी या म्हणतोय."

आक्का माझी थोरली बहीण. आमची आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो आणि आक्का परकर घालायच्या वयाची होती. वडीगोद्रीच्या घरात चूल तिनं सांभाळली आणि मलाही तिनंच सांभाळलं. माझ्या डोक्याला तेल लावायची, चिमट्यानं पायातला काटा काढायची, भाकरी खाल्ल्याशिवाय उठू द्यायची नाही. पुढं तिचं लग्न परभणीकडं झालं. नवरा लवकर गेला. एकच मुलगा. तो शिकून बंगळुरूला नोकरीला लागला आणि आक्का त्याच्यासोबत गेली.

मी जालन्याच्या एमआयडीसीत, सळया काढायच्या मिलमध्ये, आयुष्य घातलं. भट्टीतून लाल झालेलं लोखंड बाहेर यायचं, रोलमधून सुटायचं, आणि त्याचा आवाज असा की शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी हातवाऱ्यानंच समजायचं. आम्ही कानात कापसाचे बोळे घालायचो. त्यानं कान गरम व्हायचे, दुसरा काही फायदा झाला नाही. निवृत्तीच्या आधीच ऐकू येणं कमी झालं. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आणि पोरींचे आवाज. आक्काचा आवाज बारीक होता. दर रविवारी तिचा फोन यायचा, मी "काय? काय?" करायचो, ती पुन्हा सांगायची, मी पुन्हा "काय?" म्हणायचो. शेवटी तीच एकदा बायकोला म्हणाली, "त्याला तरास नको. तूच सांग त्याला माझं." त्यानंतर आमचं बोलणं बायकोच्या तोंडून व्हायला लागलं.

कानाची मशीन नंतर आली. दोन्ही कानांना, मागं अडकवायची, चार्जिंगची. पहिल्या दिवशी स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून दचकलो होतो. पण मशीन म्हणजे कान नव्हे. समोर एकच माणूस असेल, शांतता असेल आणि त्याचे ओठ दिसत असतील, तर माझं जमतं. गर्दीत सगळ्या आवाजांचा एक गोळा होतो. त्यात भांडी, हॉर्न, माणसं, सगळं एकाच मापाचं.

बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तिला प्रवास मना होता. भाच्यानं माझ्या एकट्याचं विमानाचं तिकीट काढून पाठवलं. छत्रपती संभाजीनगरहून मुंबई, मुंबईला विमान बदलायचं, मग बंगळुरू. मी आधी कधी विमानात बसलो नव्हतो. निघताना बायको म्हणाली, "जो भेटेल त्याला आधी सांगायचं, मला ऐकू येत न्हाई. लाजायचं न्हाई."

"बराबर आहे," मी म्हणालो. पण सत्तरीला टेकलेल्या माणसाला दर दहा पावलांवर आपलं व्यंग सांगत जाणं जमत नाही. मला तरी जमलं नाही.

विमानतळावर काउंटरवरची मुलगी भराभर बोलत होती. नजर समोरच्या पडद्यावर, त्यामुळं ओठ अर्धेच दिसत होते. तिनं माझ्या बॅगेकडं बोट केलं, मी मान हलवली. बॅग पट्ट्यावरून आत निघून गेली. मशीनची डबी आणि चार्जर त्याच बॅगेत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तपासणीच्या रांगेत उभा होतो आणि समोरचा जवान माझ्या कानाकडं बोट दाखवून काहीतरी विचारत होता. मी दोन्ही मशीन काढून ट्रेमध्ये ठेवल्या. एकदम सगळं बंद झालं. जवान बोलत होता, मी हात वर करू की पुढं जाऊ ते कळत नव्हतं. मागच्या माणसानं माझ्या खांद्याला धरून मला पुढं सरकवलं. नंतर समजलं, त्या काढायची गरजच नव्हती. तो फक्त विचारत होता की ही कानाची मशीन आहे का.

विमान सुटलं तसा मशीनमधून एवढा घरघराट कानात शिरला की मला मिलची आठवण झाली. कान दाबले गेले, डोकं ठणकायला लागलं. मी मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकल्या. माझ्या मशीन डबीत ठेवल्याशिवाय बंद होत नाहीत, बाहेर त्यांची बॅटरी जळतच राहते. पण डबी खाली, विमानाच्या पोटात होती.

मुंबईला दुसऱ्या विमानासाठी बराच वेळ होता. पासवर जो गेट नंबर होता, त्याच्यासमोरच जाऊन बसलो. उठून कुठं गेलो नाही, पाणीसुद्धा प्यालो नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये स्पीकरवरून सारखं काहीतरी सांगत होते. मशीनमधून ते मला विहिरीत कुणी बोलावं तसं ऐकू यायचं, आवाज होता पण शब्द नव्हता. एकदा माझ्या आजूबाजूची पुष्कळ माणसं उठली आणि सामान घेऊन निघून गेली. मला वाटलं, त्यांचं दुसरं विमान असेल.

वेळ झाली तरी समोरचं दार उघडेना, तेव्हा मी उठून तिथल्या मुलीला पास दाखवला. तिनं पास बघितला, माझ्याकडं बघितलं. या वेळी मी सांगितलं, "मला ऐकू येत नाही. सावकाश बोला."

ती सावकाश बोलली. अगदी नीट, माझ्याकडं तोंड करून. "काका, गेट बदललं होतं. विमान गेलं. आम्ही तुमचं नाव घेऊन पुकारलं. खूप वेळा पुकारलं."

मी खाली बसलो. विमान गेल्याचं दुःख होतंच. पण त्या एवढ्या हॉलमध्ये, शेकडो माणसांच्या डोक्यावरून माझं नाव फिरत होतं, सगळ्यांनी ते ऐकलं होतं, आणि मी मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखा बसलो होतो, हे मला सहन होईना. कुणी एकानं जरी ते नाव ऐकून इकडंतिकडं बघितलं असेल, तरी त्याला कसं कळणार की हाच तो?

त्या मुलीनं मला संध्याकाळच्या विमानात जागा करून दिली. भाच्याला तिनंच फोन लावला. बॅग आधीच्या विमानातून उतरवून घेतली होती, ती मागून येईल म्हणाली. बंगळुरूला उतरलो तेव्हा दोन्ही मशीन टुंग टुंग करत होत्या. बॅटरी संपत आली की त्या तशा वाजतात. बॅग आली नव्हती. भाचा मला मिठी मारून काहीतरी बोलला, त्यातलं "मामा" तेवढं ऐकू आलं. गाडीत बसेपर्यंत दोन्ही मशीन बंद पडल्या होत्या.

सकाळी तो चार्जरसाठी दोन-तीन दुकानं फिरून आला. प्रत्येक कंपनीचा चार्जर वेगळा, आमचा कुठं मिळाला नाही. "बॅग दुपारपर्यंत येईल, मामा. तोवर थांबायचं का?" असं त्यानं मोबाईलवर लिहून दाखवलं. मी म्हणालो, "थांबायचं न्हाई. आधी तिला बघू दे."

अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत होते. भाचा बाहेर थांबला.

आक्का एवढीशी झाली होती. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सुया. मला बघून तिनं डोळे मोठे केले आणि हात उचलला. मी तो हातात घेतला. ती बोलायला लागली. मास्कवर आतून वाफ यायची, जायची. ती बोलतेय एवढं त्या वाफेवरून कळत होतं.

मी म्हणालो, "आक्का, मशीन बंद पडली. चार्जर बॅगेत राह्यला. मला काहीच ऐकू येऊन राह्यलं न्हाई."

माझा आवाज मला कळत नव्हता. बहुतेक मी ओरडलो असणार, कारण दूरच्या टेबलावरची नर्स वळून बघायला लागली.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं की मी ओठ बघून समजतो. तिनं सुया लावलेला हात वर नेला आणि स्वतःच मास्क हनुवटीखाली ओढला. ओठ काळे पडले होते. ती सावकाश, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. बोलणं पाच-सहा शब्दांच्या पुढं गेलं नाही. नर्स धावत आली, तिनं मास्क परत बसवला, आक्काला काहीतरी दटावलं आणि मला बाहेर जायची खूण केली. आक्का मास्कच्या आत बोलतच होती. दारापर्यंत गेलो तरी मास्कवर वाफ दिसत होती.

त्या पाच-सहा शब्दांतला एकच शब्द मी पकडला होता. पण ओठांवर 'ब', 'म' आणि 'प' सारखेच दिसतात. ज्यांना ऐकू येतं त्यांना हे कधी कळत नाही. तो शब्द 'बाप' होता किंवा 'माप'. आमच्याकडं जुनी माणसं 'माफ कर'ला 'माप कर' म्हणतात, आक्काही तसंच म्हणायची. म्हणजे ती एकतर म्हणत होती की माझ्यामागं या पोराचा बाप तूच. किंवा म्हणत होती, मला माफ कर.

पहिलं असेल तर त्यात नवं काही नव्हतं, तो मला मुलासारखाच आहे. दुसरं असेल तर कशाबद्दल? आईच्या जागी होती ती मला. तिनं माझं काय वाईट केलं होतं? काही केलं असेल आणि मला आजवर माहीतच नसेल, तर ते तिनं एकटीनं एवढी वर्षं वागवलं. या विचारानं मला अजून झोपेतून जाग येते.

दुपारी बॅग आली. मशीन चार्जिंगला लावल्या. त्या होईपर्यंत दवाखान्यातून फोन आला की आक्काला व्हेंटिलेटरवर घेतलंय. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी माझ्या दोन्ही कानांत मशीन होत्या, पूर्ण भरलेल्या. मला त्या खोलीतलं सगळं ऐकू आलं. व्हेंटिलेटरचा श्वास ऐकू आला, पडद्यावरची टिकटिक ऐकू आली, शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू आलं. आक्काच्या तोंडात नळी होती. डोळे मिटलेले होते.

मी वाकून म्हणालो, "आक्का, आता बोल. आता येतं ऐकू."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

परतीच्या तिकिटात भाच्यानं माझ्याबद्दल विमान कंपनीला कळवून ठेवलं, पुन्हा तसं व्हायला नको म्हणून. विमानतळावर माझ्यासाठी एक माणूस आला. त्यानं चाकाची खुर्ची आणली होती. मी सांगितलं, माझे पाय चांगले आहेत, मला फक्त ऐकू येत नाही. त्यानं हसून खुर्चीवर थाप मारली, बसा म्हणाला. त्यांच्याकडं व्यंग म्हटलं की खुर्चीच असावी. हुज्जत घालायची ताकद माझ्यात नव्हती. मी बसलो. तो मला गर्दीतून ढकलत नेत होता आणि लोक बाजूला होऊन माझ्या पायांकडं बघत होते. मुंबईलाही तसंच झालं. पण मी योग्य विमानात बसलो आणि वेळेवर पोचलो.

वडीगोद्रीला दुखवट्याला सगळे जमले. चुलत भावजया, पुतणे, आक्काच्या बरोबरीची एक मैत्रीण, जिला आता उठवून बसवावं लागतं. तिनंच विचारलं. ओट्यावर माझ्याजवळ सरकून, माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली, "तू भेटला म्हणं तिला. तुझ्याशी बोलली म्हणं. काय बोलली रे?"

सगळ्यांना ऐकायचं होतं. मी म्हणालो, "सगळ्यांची आठवण काढली. एकेकाचं नाव घेतलं."

"माझं?"

"तुझं पहिलं घेतलं."

म्हातारी डोळ्यांना पदर लावून रडली. रडता रडता आक्का आणि ती शेंगा फोडायला कशा बसायच्या ते सांगायला लागली, आणि इतर बायकाही बोलायला लागल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या. मला त्यातलं काहीच कळलं नाही.

जालन्याला परत येताना गाडीत बायकोनं माझा चेहरा आपल्याकडं वळवला आणि विचारलं, "खरं काय म्हणाल्या?"

मी तिला सगळं सांगितलं. मास्क कसा ओढला ते, आणि तो शब्द. दोन्ही अर्थ सांगितले. तिला तरी काही माहीत असेल अशी मला आशा होती. इतकी वर्षं आक्काचं बोलणं आधी तिच्याच कानात पडलं होतं.

तिनं मान हलवली आणि म्हणाली, "मला कधी काही बोलल्या न्हाईत हो."

खिडकीतून वारा येत होता आणि तो मशीनमध्ये शिरून नुसता फडफडत होता. मी मशीन काढून हातात धरल्या.