दोनशे छप्पन आकड्यांची वाटणी

चाकणच्या अर्जुनरावांकडे आता जमीन म्हणावी तर घराखालची तेवढी. बाकीची कंपन्यांखाली गेली. तिथं गाड्यांची दारं बनतात. अर्जुनरावांनी मग आधी केबल टीव्ही टाकला, नंतर त्याच खांबांवरून इंटरनेट.

पण अभिमान होता तो दोनशे छप्पन पत्त्यांचा. इंटरनेटवर आकड्यांचे पत्ते लागतात, जगात ते मोजकेच, आणि कुणाकडे कोणते हे लिहून ठेवणारी नोंदणी संस्था असते. तिच्या दप्तरात या सलग आकड्यांपुढे अर्जुनरावांच्या कंपनीचं नाव होतं. ते पान फ्रेम करून त्यांनी खंडोबाशेजारी टांगलं होतं आणि आल्यागेल्याला सांगत, ह्यो आमचा सातबारा. त्यांची इंजिनिअर मंजुषा, मूळची लातूरची, दर वेळी म्हणे की काका, मालकी नाही, वापरापुरतं दिलंय. ते म्हणत, मग जमीन तरी कुणाची होती.

धाकटे भाऊ बबनराव काळेवाडीची बाजू बघत. दोघांत दीड वर्ष अबोला होता. कारण आता दोघांनाही आठवत नव्हतं. बबनरावांनी निरोपानं वाटणी मागितली. ग्राहक वाटले, शिड्या वाटल्या, दोन ऑफिसांमधली तारही सोडवली. राहिले आकडे.

घरचा रिवाज असा, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. अर्जुनरावांनी एकशे अठ्ठावीसचे दोन कागद ठेवले. बबनरावांनी खालचे आकडे उचलले. शेतात खालची बाजू पाण्याची, म्हणून असावं. मंजुषा म्हणाली, असं चालत नसतंय, दोनशे छप्पनपेक्षा लहान तुकडा बाहेर कुणी ओळखत नाही. तिला सांगण्यात आलं, की या घरात विहीरसुद्धा वाटलेली आहे.

आपले आकडे कुठं राहतात, याची दवंडी जगाला सतत द्यावी लागते. सोमवारी दहा वाजता दोघांनी आपापल्या अर्ध्याची दवंडी सुरू केली. अर्जुनराव सरळ माणूस. भावाच्या वाट्यावर आपलं नाव नको म्हणून अख्ख्याची जुनी दवंडी त्यांनी बंद करवली. दहा वाजून तीन मिनिटांनी चाकण बंद पडलं. काळेवाडीही.

पहिला फोन वर्कशॉपवाल्या भीमराजचा. "राव, माल भरून गाडी गेटवर उभी हाय, बिल निघंना. दुपारपातूर बघतो, मग दुसऱ्याची तार घेतो. राग मानू नका." असे चाळीस फोन आले. राग मानू नका, असं सगळेच म्हणत होते.

असं का झालं, ते अर्जुनरावांनी मंजुषाला विचारलं.

"काका, ही तुकडेबंदी आहे," ती म्हणाली. "दोन गुंठ्यांची नोंद होते का? तसंच हे."

अर्जुनरावांना लगेच कळलं. "मग आधी का न्हाई बोललीस?"

"बोलले की."

"आसं न्हाई बोललीस. ह्येचा कलेक्टर कोण?"

"कुणी नाही. जगातल्या सगळ्या नेटवर्कवाल्यांनी मिळून तसं धरलंय."

"म्हंजी कुणाच्या पाया पडायची सोय न्हाई."

जुनी दवंडी मिनिटात परत देता आली असती. पण तिच्यात बबनरावांचे आकडे येणार, आणि तार सोडवलेली असल्यानं काळेवाडी अंधारातच राहणार. दीड वर्षात पहिल्यांदा अर्जुनरावांनी बबनरावांना फोन लावला. "तार परत जोडाय पायजे, ये," म्हणाले.

साडेअकराला बबनराव स्कूटरवर आले. आल्याबरोबर म्हणाले, तुझा राउटर लई तापतोय, पंखा लाव. तार जोडायला माणसं गेली, अख्खी दवंडी सुरू झाली, चाकण लगेच आलं आणि काळेवाडी अडीचला. भीमराजची गाडी तोवर बिल निघून सुटली होती.

आकडे आता एकत्रच राहणार, म्हणून नोंदणी संस्थेकडे दोघांच्या नावानं सामाईक अर्ज भरायचा होता. त्यात संपर्कासाठी दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली. मंजुषा पेन धरून थांबली.

"थोरला तू," बबनराव म्हणाले. "वर तुझं नाव टाक."

"टाकतो," अर्जुनराव म्हणाले. "नंबर तुझा दे. ती लोकं इंग्लिशमदी बोलत्यात."