मानेमागचे दोन दोरे

जकात खात्यात त्यांना सगळे शहाऐंशीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ठाऊक होतं आणि रागवायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. परदेशातून आलेले लहान मुलांचे कपडे तपासायचे, हेच काम अठ्ठावीस वर्षं. नियम असा, की शहाऐंशी सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या पोराला बसेल तो कपडा बाळाचा. त्याला जकात कमी. त्याच्यापुढं बोटभर गेलं की जकात चढली. मग काय, माल मागवणाऱ्यांच्या कागदांवर सगळ्या जगात बाळंच बाळं! शाळेत जाणारी घोडीसुद्धा बाळ.

त्या दिवशी माल सोडवायला आलेल्या एजंटनं फ्रॉकांचं खोकं उघडलं, तर एकालाही मापाचं लेबल नाही. बाईंनी एक फ्रॉक उलटा केला, मानेमागच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. दोन पांढरे दोरे हाताला लागले.

"लेबलं कुठं गेली?"

"उंदीर हो, बाई. गोदामात फार माजलेत."

"कात्री घेऊन फिरतात वाटतं तुमचे उंदीर?"

एजंट ओशाळला. "खरं सांगू? बाळांच्या मानेला टोचतं, म्हणून मालकानंच कापली."

"केवढी ती माया!" बाईंनी टेप सोडली, खांद्यापासून घेरापर्यंत माप घेतलं, भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. "चार वर्षांच्या मुलीचा आहे हा. आणि एक ध्यानात ठेव, लेबल कापणाऱ्याला माप ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नाही, तो कशाला कात्री हातात घेईल?"

घरी बाईंची नात, साडेतीन वर्षांची. जन्मली तेव्हा मुठीएवढी, म्हणून नाव पडलं मुंगी. पुढं पोरगी ते नाव खरं करत राहिली. "आपल्या घराण्यात कोण ताडमाड आहे?" असं बाईंचा मुलगा म्हणायचा आणि बाई मान डोलवायच्या. परक्या फ्रॉकाचं माप नुसत्या नजरेनं सांगणाऱ्या बाई नातीकडं तसं बारीक डोळ्यांनी कधी बघत नसत. टेप पिशवीतच राहायची. ऑफिसचं ऑफिसात, म्हणायच्या.

त्या संध्याकाळी मुंगीला आंघोळ घालून त्यांनी फ्रॉक चढवला. बटण लावताना अंगठा सवयीनं मानेमागं गेला. दोन दोरे.

त्यांनी कपाट उघडलं. पाच फ्रॉक, दोन स्वेटर. सगळ्यांच्या मानेमागं तेच.

सून स्वयंपाकघरात नळ सोडून भांडी घासत होती. "अगं, हिच्या कपड्यांची लेबलं कुठं गेली?"

"टोचतं तिला," सून पाठमोरीच म्हणाली.

बाई ओट्यापाशी गेल्या.

"किती भरते?"

"काय किती?"

"माप घेतेस तू तिचं. कळतं मला."

सुनेनं नळ बंद केला. "चौऱ्याऐंशी. आठ महिने झाले. चौऱ्याऐंशीच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार, आई? ही दोन वर्षांची झाली, तेव्हा घरभर पाहुणे होते. तुम्ही म्हणालात, हिच्या आईच्या दुधातच कस नाही. तुम्ही विसरलात. मी नाही विसरले."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. बाईंना तो दिवस आठवेना, पण शब्द आपलेच, हे ओळखू आलं. त्या तिथंच स्टुलावर बसल्या.

"डॉक्टरकडं तरी न्यायचीस."

"भीती वाटते."

"मला कमी वाटते का गं?" बाई म्हणाल्या. "म्हणून तर टेप घरात काढत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली. दवाखान्यात नर्सनं मुंगीला उंची मोजायच्या खांबाला टेकून उभं केलं आणि कार्डावर नाव लिहायला वळली. मुंगीला हे काम पाठ होतं. आठ महिने आई कपाटाला टेकवून सांगत आली होती, उंच हो, अजून उंच हो. तिनं श्वास रोखला, गाल फुगवले आणि टाचा उचलल्या. डोक्यावरची पट्टी शहाऐंशीच्या वर सरकली.

सुनेनं पाहिलं. मग तिनं बाईंकडं पाहिलं. नर्स अजून लिहीतच होती.

बाईंनाही क्षणभर वाटलं, राहू दे.

मग त्या वाकल्या. गुडघे कडकन वाजले. "टाचा खाली, मुंगे."

"मग मी लहान होईन ना!"

"होऊ दे," बाई म्हणाल्या. त्यांनी त्या एवढ्याशा टाचा दोन्ही तळव्यांनी खाली टेकवल्या आणि नर्स आकडा वाचेपर्यंत हात काढले नाहीत.