पगडीवाल्याचं टोकन

साठेकाका रोज अकराला आमच्या कॅफेत यायचे, जॅकेटच्या खिशातून तांब्याची एक चकती काढून काउंटरवर ठेवायचे आणि विचारायचे, "काय रे, यावर कॉफी मिळेल?"

दोन हजार पाच साल. परदेशात, हॅमिल्टनला, शिकता शिकता मी त्या कॅफेत कॉफी करायचो. काका पुण्याचे, मुलाकडे राहायला आलेले. चकतीवर एका पगडीवाल्याचं डोकं. ऑपशॉपमधल्या, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातल्या, जुन्या बटणांच्या डब्यात त्यांना सापडलेली. लंडनच्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कॉफीहाउसचं टोकन, म्हणायचे. तेव्हा सुट्टे मिळत नसत, म्हणून दुकानदार स्वतःच टोकनं पाडायचे. "ज्याने पाडलं त्याच्याच दुकानात चालणार. आणि दुकान तर गेलं."

मी म्हणायचो, "नाही चालत काका, सॉरी हां." मग ते निमूट डॉलर काढायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीच माहिती, पहिल्यांदाच सांगतायत अशी. विसरतात की माझी फिरकी घेतात, काही कळेना.

मी पडलो नकल्या. संगमनेरच्या शाळेत एक मास्तर सोडला नव्हता. एकदा काकांचा मुलगा, मंदारदादा, कॉफी न्यायला आला, तर त्यालाच मी काकांची नक्कल करून दाखवली. मान तिरकी, चकती टक्कन, परत, परत. तो हसला नाही. रोज असं करतात का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, रोज. घरी गॅसही चालू राहतो, म्हणाला.

आठवड्यात काकांचं परतीचं तिकीट निघालं. पुण्यात वृद्धाश्रमात खोली मिळाली होती. काकांना जायचं नव्हतं. नातीला मराठी वाचायला शिकवत होते, बाराखडी अर्धीच झाली होती.

शेवटच्या दिवशी आले, चकती ठेवली. मी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले, माझ्याच आवाजात, माझ्या गावच्या हेलात, मधे नाक ओढून: "नाही चालत काका, सॉरी हां."

हुबेहूब.

"म्हणजे तुम्हाला सगळं आठवत होतं?"

"मला काय आठवतं ते मंदारला तू सांगतोस ना?"

मी कॉफी केली आणि चकती गल्ल्यात टाकली.

"घेतलंस? आता ते तुझ्या दुकानाचं. कोणी आणलं तर नाही म्हणू नकोस."

ते गेल्यावर दादाला फोन लावला. काका ठणठणीत आहेत, मस्करी करत होते, जाऊ देऊ नकोस, असं भडाभडा सांगितलं.

तो म्हणाला, "असेल रे. पण आत्ताही घरी आलो तर गॅस चालूच होता."