पडदेमामांची गप्प भिंत

आमच्या शेजारच्या पडदेमामांचं खरं नाव इमारतीत कुणाला आठवत नाही. उभा जन्म त्यांनी पडदे शिवले, तेही घरं सजवून देणाऱ्या डिझायनर लोकांसाठी. दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात शिडीवर चढून पडदे टांगायचे, चुण्या नीट करायच्या आणि चपला घालून निघायचं.

मामी होत्या तेव्हा त्यांचं स्वतःचं घर म्हणजे उरलेल्या चिंध्यांची जत्रा होती. सोफा जांभळा, खिडकी पोपटी, फ्रीजच्या डोक्यावर फुलाफुलांची टोपी. आत शिरलं की डोळे मिचकावावे लागायचे. पण दार कधी लागलेलं नसायचं. एखादी बाई सुई मागायला यायची, दोन तास बसायची आणि उठताना सुई तिथंच विसरायची. सगळा राबता मामींकडे. मामा आपले कोपऱ्यात मशीनवर पाठमोरे. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या तोंडापेक्षा त्यांची मान जास्त ओळखीची होती.

मामी गेल्या. थोडे दिवस माणसं आली, मग आटली. मामा बोलणार नाहीत, तर समोरचा किती वेळ पंख्याकडे बघणार? पुढे पुढे सगळं दारातच उरकायचं. "बरं आहे ना, मामा?" "बरं आहे." की दार बंद.

एकदा त्यांचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं. असली चूक माझ्या पथ्यावर पडते. द्यायला गेले तर आत सगळी गाठोडी बांधलेली! पोपटी, जांभळं, सगळं गुंडाळून भिंतीशी.

"घर सोडताय की काय?"

"छे हो वहिनी. रंग काढतोय."

मग मामा जे बोलले, तेवढं मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. त्यांच्या एक बॉबकटवाल्या डिझायनर मॅडम होत्या. त्यांच्या हातची घरं म्हणजे भिंती वाळूच्या, राखेच्या, ओल्या दगडाच्या रंगाच्या. आणि त्या सगळ्या शांततेत एकच काहीतरी ठसठशीत. एखादी मोहरीच्या रंगाची खुर्ची, बस्स.

"मॅडम म्हणायच्या, भिंत गप्प बसली की माणूस दिसतो. आणि खरंच हो वहिनी. माझे पडदे टांगून व्हायचे, मी निघायचो, तरी त्या घरातली माणसं बसलेलीच असायची. उठावंसं वाटायचं नाही त्यांना."

"अहो, पण तुमच्याकडे बसायला येतंय कोण?"

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला लग्नाच्या आधीपासून सांगितलं गेलंय.

मामांनी गाठोड्याची गाठ आवळली. "तेच तर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच आमची बेल वाजवली. डिझायनर लोक म्हणे रंगांच्या कार्डावरून रंग ठरवत नाहीत. भिंतीवर मोठाले चौकोन रंगवतात आणि सकाळी, दुपारी, दिव्याच्या उजेडात पुन्हा पुन्हा बघतात. मामांनी तसे चौकोन काढले होते. "माझी नजर कापडाची. भिंतीचं कळत नाही. जरा येऊन बघता?"

गेले. बघितलं. परत बघितलं.

"मामा, हे सगळे पांढरेच आहेत."

"नीट बघा ना. हा उबदार, हा गार. आणि हा बघा, ह्याच्या पोटात गुलाबी आहे."

"वरून कोरा आणि पोटात गुलाबी? म्हणजे आमचे हे!"

मामा हसले. दात दिसले! मी जी सुटले ती जिन्यात भेटेल त्याला सांगत. गावभर करायचं माझं कसब अशा वेळी सत्कारणी लागतं. संध्याकाळपर्यंत अर्धी इमारत मामांच्या भिंतीपुढे उभी. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर चष्मा पुसून म्हणाले, "कडेचा. बाकीचे नापास." वरची नर्सबाई म्हणाली, "कडेचा? दिवसभर वॉर्डात तोच बघते, घरात तरी नको." झालं, जुंपली. उभ्याने भांडणं जमत नाही म्हणून लोक बसले. बसले म्हणून मामांनी चहा टाकला. गाठोडी होतीच टेकायला.

मग रोजचंच झालं. ऑफिसातून आलं की "चला, भिंत बघून येऊ." मी भाजी निवडायला तिथंच न्यायची. मामा फार बोलत नसत, पण पाठमोरे नसत. मध्येच एखादा शब्द टाकायचे. नर्सबाईला म्हणाले, "तुम्ही बसलात की हा चौकोन जरा बरा दिसतो." पन्नाशीची बाई लाजली हो!

पण माझं नाक लांब. माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांचं एका रंगावर जमत आलं की दुसऱ्या सकाळी भिंतीवर नवा चौकोन हजर. एकदा मामा एकटे ब्रश धूत होते तेव्हा मी गाठलं.

"मामा, हे मुद्दाम चाललंय. खरं की नाही?"

ते ब्रश धूतच राहिले. "एकदा ठरला, की बघायला काय उरलं, वहिनी? मग माणसं कशाला येतील?"

मी दुसरा ब्रश उचलून नळाखाली धरला.

आणि घोळ झाला तो चांगुलपणातून. मास्तरांना वाटलं, म्हातारा गोंधळलाय, आपण सोडवू. त्यांनी स्वतःचा रंगारी ठरवला, सगळ्यांची मतं घेतली आणि एका रविवारी शिडी-बादल्यांसकट वरात मामांच्या दारात आणून उभी केली. "घ्या मामा! वाळूचा रंग, बहुमताने पास!" टाळ्या पडल्या. मामा माझ्याकडे बघत होते. इतक्या हौसेने आलेल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? "या," म्हणाले.

खोली देखणी झाली, त्यात वाद नाही. गुळगुळीत वाळूच्या भिंती, त्याच रंगाचे स्वतः शिवलेले पडदे, आणि कोपऱ्यात मोहरीच्या रंगाची एकच खुर्ची. बॉबकट मॅडमनी फोटो काढून नेला असता. लोक बघायला आले. पाय पुसून आत आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले, "वा, छान" म्हणाले आणि गेले. खुर्ची मळेल म्हणून तिच्यावर कुणी बसलंच नाही. भांडायलाही काही उरलं नव्हतं. आठवडा सरला आणि पुन्हा दारातलं "बरं आहे ना?" सुरू झालं.

एक दिवस मी मुद्दाम आत डोकावले. मामा त्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर.

"काय मामा, भिंत बसली का गप्प?"

"बसली. मॅडम खोटं नाही बोलल्या. माणूस दिसतो." समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "मीच दिसतो. दिवसभर."

मी कुकर लावलाय सांगून पळाले. कुकर लावलेला नव्हता.

परवा दुपारी बेल वाजली. दारात मामा. हातात ना ब्रश, ना डबा.

"काय, नवा चौकोन?" मी विचारलं.

"नाही. दाखवायला काही नाहीये आज."

"मग?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण आमच्या उंबऱ्याच्या आत यायच्या त्या मामी. मामा कधीच नाहीत.

"बसू का जरा?"

मी खुर्चीवरचा ह्यांचा ओला टॉवेल उचलला, त्याखालचे मोजे उचलले, मोज्यांखालची वर्तमानपत्रं ढकलून दिली. मामा बसले. मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. आमच्या घरात असं काही घडल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी आमच्या भिंतीकडे मान वळवली.

"वहिनी, ही तुमची भिंत."

"तिचं काय?"

"फारच वाईट आहे हो."

"आहे ना? मग सांगा तिला चार शब्द," मी म्हटलं आणि भाजीची परात घेऊन त्यांच्यासमोरच बसले. मामांनी खुर्ची जराशी पुढे ओढली आणि शेंगांची एक मूठ आपल्याकडे घेतली.