'काहून' ऐकून हसणाऱ्यांनो

आज सकाळी आमच्या बँडचं पहिलं गाणं ऑनलाइन आलं. दुपारी अकोल्यातल्या एका कॉलेजात ते वाजवलं, अन् तेव्हापासून माह्यं डोस्कं फिरलेलं हाय.

गाणं माह्या मायवर हाय. ती गेली, त्यावर. मधात गिटार, ड्रम सारं एकदम थांबते अन् मी फक्त ओरडतो, "मा, मले सोडून काहून गेली?"

नेमका तिथंच अख्खा हॉल हसला. शिट्ट्या मारल्या! वऱ्हाडी म्हणजे कॉमेडीच, नाही का?

स्टेजवरून उतरलो त अँकरिंग करणारे सर मले शिकवून राहिले. हे सर आमच्याच तेल्हाऱ्याचे. "चाल छान आहे. फक्त 'मला सोडून का गेलीस' असं करा. शुद्ध मराठीत लोक रडतील."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हो मा, येऊन राहिलो. तू जेवून घे नं, माह्यासाठी काहून थांबते?"

फोन ठेवून पुन्हा माह्याकडं पाहून "असो" म्हणाले.

एक शब्द बदलणार नाही मी. हसा अजून.

फक्त एवढं सांगा, उद्या तुमची मा गेली त तिले शुद्ध मराठीत हाका मारसान काय?