भाऊजी, दांडी सोडा

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझा धाकटा दीर अकरा वर्षांचा होता. मी आल्याच्या आठव्या दिवशी तो घरामागच्या पाण्याच्या टाकीवर चढला आणि वरच अडकला. आमचे हे शिडी लावून वर गेले, त्याची बोटं गजावरून एकेक करून सोडवली आणि पोतं आणावं तसं खांद्यावर टाकून त्याला खाली आणलं. जमिनीला पाय लागले न लागले तोच हा म्हणतो कसा, "वहिनी, वरून नदी दिसते का ते बघत होतो." आमच्याकडे नदी नाही. हा माणूस पुष्कळ पुढे जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

आणि गेलेच की हो. आता साठी उलटलेले आमचे भाऊजी डोंगर-गुहा मंडळाचे प्रमुख आहेत. लोक त्यांना कप्तान म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलं आणि लोकांना सवय होईपर्यंत चिकाटीने सांगत राहिले. तरुणपणी ते मंडळाबरोबर एका गुहेवर गेले होते, त्याचा फोटो त्यांच्या दर्शनी खोलीत आहे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर दोर, कमरेवर हात. फोटो गुहेच्या तोंडाशी काढलेला. आतला का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आत अंधार असतो, वहिनी." पुढे बाकीची माणसं नोकरी-संसाराला लागली आणि मंडळात हे एकटे उरले. ओसाड गावी एरंड बळी.

मंडळाकडे एक रिकामं गोदाम आहे. छताच्या तुळईला, तीस फुटांवर, दोर बांधतात आणि त्यावरून खाली उतरायला शिकवतात. शिकवणारे भाऊजी. गळ्यात शिट्टी अडकवून खाली खुर्चीत बसतात. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमचे भाऊजी शेळीवर बसून उंट हाकतात.

माझी नात याच गोदामात दोन वर्षं शिकली. विहिरीत, दरीत अडकलेल्यांना वर काढणारं एक पथक आहे, तिथे तिला नोकरी लागणार होती. सगळं जमलं होतं, फक्त शिक्षण पुरं झाल्याचा कागद हवा होता आणि त्यावर सही हवी होती कप्तानांची. सोमवारच्या आत. सही काही मिळेना.

का, ते सांगते. दोरावरून उतरायचं एक यंत्र असतं, त्याला डिसेंडर म्हणतात. तळहातापेक्षा थोडं मोठं. नातीने सरावासाठी ते घरी आणलं होतं, महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात होतं, म्हणून मला ठाऊक. आत दोन चाकं, त्यांच्यामधून दोर नागमोडी ओवायचा. चाकं म्हणायची, पण ती फिरत नाहीत. नुसती जागा अडवून बसतात आणि दोर बिचारा घासत जातो. मला ती बघताक्षणीच ओळखीची वाटली होती. बाजूला एक दांडी असते. ती दाबली की माणूस खाली सरकतो, सोडली की जागच्या जागी थांबतो.

भाऊजींच्या जमान्यात या यंत्राला दांडीच नव्हती. थांबायचं तर यंत्राखालचा दोर घट्ट आवळायचा. तेवढं एक त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलं. नवी यंत्रं आली, दांडी आली, तरी कोणी वर घाबरलं की हे खालून ओरडणार, "घट्ट धर! घट्ट!" घाबरलेलं माणूस धरणार काय? हातात असते ती दांडीच. ती आवळली की ते आणखी जोरात खाली. एक पोरगी अशीच आदळून पाय मुरगळून बसली, तेव्हा माझी नात भर वर्गात म्हणाली, "सर, घट्ट धर नका सांगू. दांडी सोड सांगा."

झालं. सहीचा कागद खणात गेला.

मग मी त्यांच्या घरी गेले. जाऊबाईंनी चहा ठेवला.

"पोर उद्धट आहे," भाऊजी म्हणाले. "अजून दोन वर्षं शिकू दे."

"चुकीचं काय बोलली ती?"

"वहिनी, तुम्ही चार इयत्ता शिकलेल्या. तुम्ही आपलं शिलाईचं मशीन चालवा. दोराचं शास्त्र वेगळं आहे."

"मशीनचंही तेच असतं हो, भाऊजी. घाबरून पायडल दाबलं की सुई बोटातून जाते. पाय उचलायचा असतो. चाळीस वर्षांत माझ्या बोटातून एकदाच गेली. तुम्ही किती जणांची बोटं घालवणार?"

ते लाल झाले. "मी कसा उतरायचो ते तुम्हाला माहीत नाही!"

जाऊबाई कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "मलाही नाही माहीत. पस्तीस वर्षं नुसतं ऐकतेय. एकदा उतरून दाखवा की."

माझी ही जाऊ वर्षाकाठी चार वाक्यं बोलते, पण वाया एक घालवत नाही.

"शनिवारी या!" भाऊजी गरजले. "दोघीही या!"

शनिवारी गोदामात पंधरा-वीस मुलं-मुली जमली होती. आम्हां दोघी जावांना खुर्च्या दिल्या. भाऊजी शिडीने वर चढले. चढायलाच इतका वेळ लागला की जाऊबाईंनी मोज्याच्या विणीच्या दोन ओळी घातल्या. त्यांचाच नियम असा की खाली दोराचं टोक धरून एक माणूस उभं हवं. वरच्याचा तोल गेला की त्याने दोर खाली खेचायचा, म्हणजे यंत्र आवळतं आणि घसरण थांबते. "कोणाची गरज नाही," भाऊजी वरून म्हणाले. नातीने तरी टोक हातात घेतलं.

पहिले दहा फूट झकास गेले. थोडं सरकायचं, थांबायचं, "बघा! शरीर सरळ!" म्हणायचं. मग शिरस्त्राण घसरून डोळ्यांवर आलं. ते सारायला त्यांनी एक हात सोडला, अंग गर्रकन फिरलं, आणि जे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं ते त्यांनी एकदाचं स्वतः केलं. घट्ट धरलं.

सूंऽऽऽ करत आमचे कप्तान खाली निघाले.

नातीने दोर खेचला आणि सगळं वजन टाकून फतकल मारून बसली. भाऊजी दचका खाऊन थांबले, जमिनीपासून सहा-सात फुटांवर, बुजगावण्यासारखे.

"सर, दांडी सोडा!"

"धरलंय! घट्ट धरलंय मी!"

"म्हणूनच तर खाली आलात! सोडा!"

"सोडू कशी? पडेन ना!"

पोरं तोंड दाबून हसायला लागली. मी उठले, जवळ गेले आणि म्हणाले, "भाऊजी, नदी दिसते का?"

दांडी काही सुटली नाही. शेवटी नातीनेच दोर वीतवीतभर सैल सोडत त्यांना खाली उतरवलं. हलक्या हाताने पाळण्यातून बाळ काढावं तसं. ते जमिनीवर बसले तरी मूठ मिटलेलीच. जाऊबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि एकेक बोट सोडवलं. माझ्या डोळ्यांसमोर ती टाकी आली. पन्नासावर वर्षं गेली, माणूस तसूभरही पुढे सरकलेला नाही.

"यंत्र तापलं होतं," भाऊजी म्हणाले.

नातीने हात लावून पाहिला. "कोमट आहे, सर."

मग ते उभे राहिले, शिट्टी सरळ केली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "आलं लक्षात? खालचा माणूस जागा पाहिजे. हेच मला आज दाखवायचं होतं." पडले तरी नाक वर.

"मग मी जागी होते ना, सर?" नातीने विचारलं आणि कागद पुढे केला. तो त्यांच्या खणातून जाऊबाईंनी सकाळीच काढून पिशवीत घातला होता.

वीस जण बघत होते. करतात काय? पण बोटं अशी आखडली होती की पेन धरवेना. तीनदा पडलं. चौथ्यांदा त्यांनी कशीबशी सही केली, ती कोळ्याला शाईत बुडवून सोडावं तशी उमटली.

सोमवारी पथकाच्या कचेरीतून त्यांना फोन आला. ही सही नक्की तुमचीच का, जुन्या सह्यांशी जुळत नाही म्हणून. मी तेव्हा तिथेच चहा पीत होते. भाऊजी मान ताठ करून म्हणाले, "माझीच आहे. त्या दिवशी सकाळपासून दोरावरच होतो."

नात कामाला लागली. आणि गोदामात भाऊजी आता शिट्टी फुंकून सांगतात, "घाबरलात की दांडी सोडायची. पहिल्या दिवसापासून मी हेच सांगत आलोय." पोरं माना डोलावतात. जाऊबाईंचा मोजा पुरा झाला आहे.